स्वतःचा मांगा काढायचाय, दोन वर्षं झाली तरी पान १ च्या पुढे जात नाहीये

कोरं_पान

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, मला खरंच मार्ग सापडत नाहीये.

मला स्वतःचा मांगा, म्हणजे जपानी पद्धतीचं कॉमिक, करायचाय. दोन वर्षांपूर्वी कथा सुचली ती डोक्यातून जातच नाही. थोडक्यात सांगते. एक नदी आहे, जगात कुणाचंही काहीही हरवलं की ते ह्या नदीत येतं, किल्ल्या, छत्र्या, पत्रं, खेळणी, सगळं वाहत येतं. काठावर नावाडी राहतात, त्यांचं काम म्हणजे आकडीने वस्तू ओढून काढायच्या आणि ज्याच्या त्याला पोचवायच्या. ओवी ही त्यातली सगळ्यात लहान, चौदा वर्षांची. मी ह्या नदीचा तीनशे वर्षांचा इतिहास लिहून काढलाय, नकाशा आहे, नावाड्यांची पाच घराणी आहेत, चाळीसेक पात्रांची स्केचेस आहेत, समोरून, बाजूने, पाठमोरी, हसताना, रडताना. चार वह्या भरल्यात.

आणि पानं झालीत एक. तेही तीनदा काढून. पान १ वर अख्खं शहर वरून दिसतं, नदी, सात पूल, शेकडो घरं, आणि कोपऱ्यात चौकटी करून इतिहास. पहिल्या वेळी अकरा दिवस लागले, संपेपर्यंत हात इतका बसला की सुरुवातीला काढलेली घरं बघवेनात, म्हणून परत काढलं, तेव्हाही तेच झालं. तिसऱ्या वेळी अर्ध्यावर सोडलं त्याला आता महिना होईल, तेव्हापासून पेन्सिलला हात लावलेला नाही.

तर प्रश्न असे:
सुरुवात नक्की कुठून करायची? कागदावर शाईने काढू का सरळ टॅबलेट घेऊ? मांगा उजवीकडून डावीकडे असतो तर माझाही तसाच ठेवायचा का? मराठीत लिहायचंय हे नक्की आहे, पण मी संवादाच्या फुग्यात मराठी मजकूर टाकून बघितला तर काहीतरी विचित्र दिसतंय, का ते कळत नाहीये. आणि शेवटचं, मला हात नीट काढता येत नाहीत (हाताची बोटं म्हणतेय), तर आधी दोनेक वर्षं फक्त ॲनाटॉमी करू का?

---

रेघोट्या

कोरं_पान, स्वागत. नदीची कल्पना वाचून मी दोन मिनिटं थांबलो, फार छान आहे. आणि म्हणूनच सांगतो, ती तीनशे वर्षं, पाच घराणी आणि सात पूल सध्या वहीतच राहू द्या. फेकू नका, पुढे लागणार आहेत. फक्त पान १ वर नकोत.

तुम्ही नेहमी पहिल्या पानाला अडकताय कारण तुम्ही एकदम शेवटच्या पायरीपासून सुरुवात करताय, म्हणजे फायनल रेघ. मधली एक पायरी तुमच्या पोस्टमध्ये कुठेच दिसली नाही, ती म्हणजे 'नेमु'. जपानमध्ये मांगाकार हाच शब्द वापरतात, अख्ख्या गोष्टीचा कच्चा आराखडा, पानापानांचा. कुठल्या पानावर किती चौकटी, कोण कुठे उभं, कोण काय बोलतंय, बस्स. माणसं म्हणजे काडीचे हातपाय आणि गोल डोकं, ओळखायला केसांचा एखादा झुपका. तिथले संपादकसुद्धा आधी हा नेमु बघतात, त्यावरच चर्चा होते, बदल होतात, कधीकधी पाच-पाच वेळा, आणि तो पास झाल्यावरच मग खरं चित्र काढायला बसायचं. आपल्याकडे नेम धरतात ना बाण सोडायच्या आधी, मला तर तो शब्द तसाच लक्षात राहिला.

कसा करायचा ते सांगतो. साधे कोरे कागद घ्या, मधे दुमडा, म्हणजे समोरासमोरची दोन पानं एकदम दिसतात. प्रत्येक पानाला जास्तीत जास्त वीस मिनिटं. खोडरबर बाजूला ठेवा. नीट जमलं नाही तर काट मारून पुढच्या पानावर जा, पण मागे वळू नका. आधी सगळे संवाद लिहायचे, मग त्यांच्याभोवती फुगे, मग माणसं. आठ पानांचा नेमु एका रात्रीत होतो, अगदी पहिल्या वेळेलाही.

आणि हो, आठच पानं. मला माहितीये तुमच्या डोक्यात वीस खंड आहेत. पण जपानमध्येही नवीन माणूस एकदम मालिका घेऊन येत नाही, आधी एका बैठकीत संपणारी गोष्ट करतो, त्याला 'योमिकिरी' म्हणतात. साप्ताहिकातलं एक प्रकरण साधारण १९ पानांचं असतं आणि ते दर आठवड्याला काढायला मांगाकाराच्या हाताखाली बॅकग्राउंड काढणारे, टोन (ठिपक्यांची छटा) लावणारे सहायक असतात. तुम्ही एकट्या आहात. शेकडो घरांची पानं एकटीने काढायची म्हटलं तर कुणीही थकेल, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

मग ह्या एवढ्या मोठ्या जगातली आठ पानांची गोष्ट कुठली? मला विचाराल तर अशी एक रात्र शोधा ज्या रात्री ओवीला काहीतरी सापडतं आणि तिचं आयुष्य बदलतं. नदीत हरवलेल्या वस्तू येतात, बरोबर? मग समजा एका रात्री तिच्या आकडीला तिच्या स्वतःच्या आईचा चष्मा लागला तर? आई तर घरी आहे. चष्मा हरवला असं ती बोललीही नव्हती. मग नुसता चष्माच हरवलाय का आईसुद्धा? इथे नियम समजावून सांगायची गरजच राहत नाही, तीन चौकटीत वाचकाला कळतं की ह्या नदीत काय येतं, आणि चौथ्या चौकटीत त्याच्या पोटात गोळा येतो.

पान १ म्हणजे असं बघा. पहिली चौकट, काळं पाणी आणि त्यात एक छत्री उलटी तरंगतेय. दुसरी, आकडी येते. तिसरी, ओवीचा चेहरा, कंटाळलेला, जांभई. चौथी, नावेत आधीच पडलेला वस्तूंचा ढीग आणि प्रत्येकीला बांधलेली चिठ्ठी. संपलं. शहर कुठेच नाही. एक पूल हवाच असेल तर मागे दोन रेघांत दाखवा.

ॲनाटॉमीचं, आधी शिकून मग काढायचं असं नका करू. आठ पानांत तुम्हाला आकडी धरलेले हात किमान पंधरा वेळा काढावे लागतील. स्वतःच्या हातात झाडू धरून फोटो काढा आणि त्यावरून काढा. ते पंधरा हात तुम्हाला जे शिकवतील ते नुसत्या सरावाच्या दोनशे हातांनी शिकवणार नाहीत, कारण प्रत्येक हाताला काहीतरी काम असेल.

---

चारचौकट

रेघोट्या यांना +१, पण मी तर म्हणेन आठ पानांच्याही आधी योन्कोमा कर. म्हणजे उभ्या चार चौकटी, एकाखाली एक, एवढंच. जपानीत त्याची बांधणी ठरलेली आहे, कि-शो-तेन-केत्सु, सुरुवात, ती पुढे नेणं, वळण आणि शेवट. तिसऱ्या चौकटीत वळण यायलाच पाहिजे, नाहीतर चौथीत वाचकाला काही मिळत नाही.

तुझ्याच नदीवर कर ना. १, ओवीला एक किल्ली सापडते. २, ती दारोदार फिरते, कुणाच्याच कुलुपाला लागत नाही. ३, एक म्हातारे आजोबा म्हणतात, बाळा, घर तर कधीच पाडलं. ४, आजोबा किल्ली हातात घेऊन पाडलेल्या घराच्या पायरीवर बसलेत, ओवी शेजारी. झालं. एका बैठकीत एक होतं, रोज एक केलंस तर महिन्यात तीस गोष्टी *पूर्ण* केलेल्या असतील. मी असंच सुरू केलं. संपवायची सवय लागते आणि ती फार मोठी गोष्ट आहे, माझं ठाम मत आहे.

---

निब_आणि_शाई

साहित्याचं मी सांगतो, कारण मी दोन्ही करून बसलोय, सात वर्षं कागदावर आणि आता बहुतेक डिजिटल.

तुमच्याकडे टॅबलेट नसेल तर फक्त मांगासाठी घेऊ नका. आधी पहिली आठ पानं कागदावर होऊ द्या. पारंपरिक पद्धतीत बुडवायची निब असते, मुख्य तीन. जी-पेन, दाब दिला की रेघ जाड होते, सोडला की बारीक, पात्रांच्या बाह्यरेषेला हीच. मारु-पेन, एकदम बारीक, केस, पापण्या, लांबचं बॅकग्राउंड. आणि काबुरा, हिची रेघ जवळजवळ एकसारखी येते, नवीन माणसाला सोपी. नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो पुसला नाही तर शाई थेंब होऊन घसरते आणि माणसाला वाटतं निबच खराब आहे. टिश्यूने पुसून घ्या. शाई वॉटरप्रूफच हवी, नाहीतर ओला हात लागला की सगळं काळं पसरतं. लांब रेघ मारताना मनगट नाही, अख्खा हात खांद्यापासून हलवायचा, आणि हात वळत नसेल तर कागद वळवायचा. निबची रेघ नेहमी आपल्याकडे ओढायची, पुढे ढकलली की टोक कागदात रुततं आणि शाई उडते.

निब जमत नसेल तर साधे फाइनलायनर चालतात, ०.१, ०.३ आणि ०.८ असे तीन घ्या. अगदी चांगलं काम होतं त्यात, कुणी नावं ठेवली तर लक्ष देऊ नका.

कागदाचं माप. जपानमध्ये व्यावसायिक मासिकासाठी बी४ वर काढतात आणि छापताना ते लहान होतं. स्वतः छापणारे, म्हणजे दोजिन्शी करणारे, ए४ वर काढतात आणि पुस्तक बी५ चं होतं, १८२ × २५७ मिमी. तुम्ही हेच माप धरा. त्यात आतली चौकट १५० × २२० मिमी, महत्त्वाचं सगळं, विशेषतः अक्षरं, हिच्या आत. आणि चित्र जर पानाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर कडेच्या बाहेर निदान ३ मिमी जास्त काढायचं, कारण कापताना ब्लेड थोडं इकडेतिकडे होतंच आणि मग पांढरी पट्टी दिसते.

डिजिटल करायचं ठरलं तर क्रिटा मोफत आहे, मेडिबँगही मोफत मिळतं, क्लिप स्टुडिओ पेंट विकत घ्यावं लागतं पण चौकटी कापणं, वेगरेषा, टोन ह्याची हत्यारं त्यात तयार आहेत. ॲप कुठलंही घ्या, पण पहिल्याच दिवशी फाइल ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) करा. माझं पहिलं पूर्ण काम २४ पानांचं होतं, १५० डीपीआयला काढलेलं, स्क्रीनवर अगदी कोरीव दिसायचं. छापून आलं तेव्हा प्रत्येक रेघेला केस फुटल्यासारखे झाले होते. सहा महिन्यांचं काम, परत काढण्यावाचून इलाज नव्हता. लहान फाइल मोठी करता येते पण हरवलेली रेघ परत येत नाही, हे तेव्हा हातात पुस्तक धरल्यावर कळलं.

टोनचंही तसंच. टोन म्हणजे राखाडी रंग नाही, बारीक काळे ठिपके. पान लहानमोठं केलं की ठिपके एकमेकांत अडकतात आणि त्यावर जाळीसारखे पट्टे दिसायला लागतात, त्याला मॉयरे म्हणतात. म्हणून माप आधी ठरवायचं, टोन शेवटी लावायचा, आणि टोन लावलेल्या पानाचं माप त्यानंतर बदलायचं नाही. ऑनलाइन टाकायला लहान करायचंच असेल तर टोनच्या जागी साधी राखाडी छटा भरलेली वेगळी प्रत ठेवा.

तुमच्या गोष्टीत रात्र आहे आणि नदी आहे, तर टोनपेक्षा भरीव काळ्या रंगावर जोर द्या असं मला वाटतं. पाणी सरळ काळं, त्यात फक्त पांढऱ्या लाटांच्या चार रेघा सोडायच्या. वेळही वाचतो आणि छत्री काय, चष्मा काय, पांढरी वस्तू एकदम उठून दिसते.

---

वेलांटी

दिशा आणि अक्षरं ह्याबद्दल मी लिहिते, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि मराठीत मांगा करणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच फसतात.

जपानी मांगा उजवीकडून डावीकडे जातो कारण जपानी मजकूर उभा लिहिलेला असतो, वरून खाली, आणि त्या उभ्या ओळी उजवीकडून सुरू होतात. म्हणजे चौकटींची दिशा आणि अक्षरांची दिशा एकच आहे. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात. तुम्ही चौकटी उजवीकडून लावल्या तर वाचकाचा डोळा फुग्याच्या आत उजवीकडे धावणार आणि पुढच्या चौकटीसाठी परत डावीकडे उडी मारणार, प्रत्येक चौकटीला. अनुवादित मांग्यात आपण ते सहन करतो कारण चित्र मूळचं तसंच काढलेलं आहे. पूर्वी इंग्रजीत आणताना पानं आरशासारखी उलटवायचे, तर उजवा हात वापरणारी सगळी पात्रं डावखुरी व्हायची, म्हणून ती पद्धत मागे पडली. पण तुम्ही तर नव्याने मराठीत काढताय. डावीकडून उजवीकडेच ठेवा. दिशा उलटी असल्याने मांगा होत नाही, चौकटींची लय आणि क्षण ताणून धरायची पद्धत ह्याने होतो.

ह्याच्यातूनच एक गोष्ट निघते ती चौकट काढायच्या आधी लक्षात घ्यायची, की जो आधी बोलणार तो चौकटीत डावीकडे उभा पाहिजे. आधी माणसं काढली आणि मग फुगे टाकले तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकांना ओलांडतात.

आता तुमच्या फुग्यात विचित्र का दिसतंय. मी न बघताही पैजेवर सांगते, तुम्ही जपानी मांग्यासारखे उभे, उंच फुगे काढलेत. त्यात उभा मजकूर मावतो. मराठी आडवी आहे, 'सांगितल्याप्रमाणे' हा एकच शब्द उंच फुग्यात बसत नाही, मग तो तोडावा लागतो किंवा अक्षर मुंगीएवढं करावं लागतं. आपला फुगा रुंद हवा, थोडा बसका. शिवाय आपल्या ओळीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो, इंग्रजीचं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अंतर वाढवा, मी अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी ठेवते. आणि एका फुग्यात तीन ओळी, फार झालं तर चार. वाक्य मोठं असेल तर दोन फुगे करा, नाहीतर वाक्यच छाटा, बहुतेक वेळा छाटलेलं जास्त चांगलं असतं.

फॉन्ट. बालू गोलसर आणि जाड आहे, ओरडण्याला छान. कलम हाताने लिहिल्यासारखा आहे. मुक्ता एकदम स्वच्छ, लांब संवादाला. तिन्ही मोफत आहेत आणि छापून विकलं तरी चालतात. पण काही ड्रॉइंग ॲपमध्ये देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटतात, 'प्रश्न'चा 'प्‌रश्‌न' होतो, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं की ठीक होतं. मी स्वतः अक्षरं इंकस्केपमध्ये करते, तेही मोफत आहे, तिथे जोडाक्षरं व्यवस्थित येतात, मग चित्रावर आणून ठेवते. पानं पूर्ण व्हायच्या आधी 'दुष्ट', 'र्‍हास', 'कर्तृत्व' असे शब्द टाकून एकदा तपासाच.

आणि आवाज! ह्यावर मी तासभर बोलू शकते. जपानी मांग्यात आवाजाचे शब्द चित्रातच काढलेले असतात, आणि नुसते आवाजाचेच नाही तर ज्याला आवाज नाही त्याचेही. पूर्ण शांततेला 'शीन' म्हणून शब्द आहे, तो रिकाम्या खोलीच्या चित्रावर लिहितात. इतर बऱ्याच भाषांना हे जमत नाही म्हणतात, पण मराठीला जमतं हो! काळजात धस्स होतं, पोटात कसंसंच ढवळतं, मनात चर्र होतं, अंगावर सर्रकन काटा येतो, डोकं भणभणतं, वातावरण गपगार होतं, काहीतरी लख्खकन आठवतं. हे सगळे मांग्याचेच शब्द आहेत, तयार, आपल्याच तोंडातले. तर 'बूम' आणि 'क्रॅश' देवनागरीत लिहू नका, धाडकन, खळ्ळकन, धपकन, चुबुक, सळसळ लिहा.

ह्या शब्दांना फॉन्ट नको, हाताने काढा. आपल्याकडे शिरोरेषा आहे, ती जपानी किंवा इंग्रजी अक्षरांना नाही. 'खळ्ळ'ची शिरोरेषा मधेच तडकलेली काढा, 'सर्रर्र'ची वाऱ्यात लांबवर उडालेली काढा, 'टप्'ची शिरोरेषा पाण्याच्या पातळीलाच जोडा आणि अक्षरं खाली बुडत चालल्यासारखी. आईचा चष्मा ओळखतानाच्या चौकटीत ओवीच्या मागे पूर्ण काळ्यात एकच 'धस्स', पांढऱ्यात, बारीक. मोठं नको. मी कल्पना करूनच शहारले.

---

कोरं_पान

मला काय बोलावं कळत नाहीये, एवढं सगळं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. काल रात्री वाचलं आणि तसंच कागद दुमडून बसले. पहाटे अडीचला नेमु संपला!! आठाची अकरा पानं झाली, पण शेवटपर्यंत पोचले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला ह्या गोष्टीचा शेवट डोळ्यांनी दिसला. चष्म्याच्या डाव्या दांडीला ओवीनेच लहानपणी दोरा गुंडाळलेला असतो, त्यावरून ती ओळखते, हे काढतानाच सुचलं, आधी कुठल्याच वहीत नव्हतं. शेवटच्या पानावर ती धावत घरी येते आणि दार ढकलते, तिथे संपतं, आत काय आहे ते दाखवलं नाही.

वेलांटी, फुगे उंचच होते, सगळे :)

अडचण एकच. चष्मा सापडतो ते पान ५. मी ते एका मोठ्या चौकटीत काढलंय पण वाचून काही वाटत नाही. बहिणीला दाखवलं, ती म्हणाली आधीच दिसलं.

---

रेघोट्या

अडीच वाजता! वाह. पोस्ट वाचून फार बरं वाटलं.

बहिणीचं बरोबर आहे आणि कारण साधं आहे. डावीकडून उघडणाऱ्या पुस्तकात पान १ उजव्या हाताला येतं, म्हणजे विषम पानं सगळी उजवीकडे. ४ आणि ५ समोरासमोर आहेत. वाचक ४ वर असतानाच त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ५ वरचा मोठा चष्मा दिसून गेलेला असतो. म्हणून अचानक दाखवायची गोष्ट नेहमी सम पानावर, पान उलटल्यावर. तुमचा चष्मा ६ वर न्या.

मग ५ वर काय? ५ वर वेळ ताणा. मांग्यात हेच सगळ्यात सुंदर आहे, दोन सेकंदांना अख्खं पान देता येतं. आकडीला काहीतरी अडकतं. ती ओढते. शेवाळाचा गोळा. ती बाहीने पुसते, एक चौकट फक्त बाही आणि अंगठा. मग शेवटच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात लहानशी चौकट, दोऱ्याचं एकच टोक, ओलं, पाणी टपकतंय. ओवीचा चेहरा नाही दाखवायचा. वाचक पान उलटतो तो त्या दोऱ्यासाठी. ६ वर मोठा चष्मा आणि काचेत ओवीचा चेहरा, आपण तो पहिल्यांदा तिथेच बघतो. वेलांटी म्हणाल्या ते 'धस्स' पण तिथेच.

अजून एक, चौकटींमधल्या फटी सगळ्या सारख्या ठेवल्यात का? वरच्या आणि खालच्या ओळीमधली फट रुंद ठेवा, आणि शेजारशेजारच्या चौकटींमधली अगदी अरुंद. डोळा आपोआप आधी आडवा जातो आणि मगच खाली उतरतो, बाण काढायची गरज पडत नाही. आणि पुढेमागे हीच गोष्ट फोनवर उभी सरकवून वाचायला द्यायची झाली तर पान उलटणं तिथे नसतं, तेव्हा चष्म्याच्या आधी मोठी रिकामी काळी जागा सोडा, बोटाने सरकवायला लावा.

अकरा पानांची बारा करा. पुस्तिका घडी घालून बांधायची तर चारच्या पटीत पानं लागतात. ते वाढीव पान शेवटाआधी धावण्याला द्या.

---

निब_आणि_शाई

शाई करताना पान १ पासून सुरू करू नका. आधी ३ किंवा ८ असं मधलं पान घ्या, हात बसला की मग १ आणि ६. वाचक पहिलं पान सगळ्यात जास्त वेळ बघतो, ते तुमच्या सुधारलेल्या हाताने झालेलं बरं. तुमचं तीनदा पान १ काढायचं दुखणंही त्यानेच जाईल.

---

कोरं_पान

तीन आठवड्यांनी येतेय. पानं ३, ८, ४, ७ शाई करून पूर्ण. ५ पेन्सिलमध्ये आहे. बाही आणि अंगठ्याची चौकट चार वेळा काढली, आरशात बघून, आता अंगठा अंगठ्यासारखा दिसतोय. बहिणीला नवीन नेमु दिला तर ५ वरून ६ वर जाताना ती थांबली आणि दोन्ही हात तोंडावर नेले. मी बघत होते.

वेलांटी, एक विचारायचं होतं. पान १२, ओवी घराचं जुनं लाकडी दार ढकलते. आवाज 'किर्रर्र' लिहू का 'करकर'?

---

वेलांटी

दोन्ही नको. किर्र हे रातकिड्यांचं आणि दाट अंधाराचं, करकर वाजतात त्या नव्या वहाणा. जुनं दार कुरकुरतं. 'कुर्रर्र' लिहा, आणि शिरोरेषा बिजागरीपासून सुरू करून दार जितकं उघडलंय तिथपर्यंतच न्या.